सेइजीदादा बाहेर असतात

कौमुदीला पोर्तुगीज येतं हे टोकियोजवळच्या ग्योतोकुत कुणाला कळायचं खरं तर काही कारण नव्हतं. म्हापशात वाढलेली मुलगी, कॉलेजात तीन वर्षं पोर्तुगीज घेतलं ते मैत्रिणीने घेतलं म्हणून, आणि लग्न होऊन डोंबिवलीला आल्यावर त्या भाषेचा उपयोग शून्य. पुढे नवरा यतीन एका बँकेच्या कॉम्प्युटरांपायी टोकियोला आला, मागोमाग ही आली. इथे जपानी शिकतानाच नाकी नऊ आलेले, तिथे पोर्तुगीज कोण विचारतो? पण तोंडाला आवर असेल तर ती कौमुदी कसली. खालच्या मजल्यावरच्या ओकुनो-सान एकदा तिला कचऱ्याचे वार समजावत होत्या, जळणारा कुठल्या वारी, प्लास्टिक कुठल्या वारी, आणि हिने मध्येच सांगून टाकलं की तुमचा 'पान', पोर्तुगिजांचा 'पाँव' आणि आमचा 'पाव' हे सगळं एकच बरं का.

ओकुनो-सानांचा हात पिशवीवरच राहिला. "तुम्हाला ब्राझीलची भाषा येते?"

थोडीशी येते म्हणावं की नाही माणसाने. ही म्हणाली, "येते की."

झालं. त्याच संध्याकाळी ओकुनो-सान तांदळाच्या बिस्किटांचा डबा घेऊन दारात हजर. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई, कधी कुणाच्या घरात पाऊल न टाकणारी. जमिनीवर नीट बसल्या आणि सगळं सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ सेइजी तरुणपणी गावातल्या आणखी दोन कुटुंबांबरोबर बोटीने ब्राझीलला गेला, पार दक्षिणेला, गवताच्या माळांवर. पाच वर्षांत पैसा करून येतो म्हणाला होता. नव्या वर्षाला त्याचं कार्ड यायचं, मग एक वर्ष आड यायला लागलं, मग बंदच झालं. आता ओकुनो-सानांकडे उरलं होतं फक्त गावाचं नाव, रिंकाँव दास कोशिल्यास.

मग एवढ्या वर्षांनी आताच का शोधायचं? तर त्याचं कारण आईबाप. यामानाशीच्या डोंगरातल्या एका देवळाच्या आवारात आईवडिलांच्या अस्थी कलशांत ठेवलेल्या, वर घराण्याचा दगड. तिथे चढून जाऊन दगड धुवायचा, फुलं ठेवायची, हे काम ओकुनो-सानांच्या गुडघ्यांना आता झेपेना. देवळाचे पुजारी म्हणत होते की सप्टेंबरात पितरांचे दिवस येतात, तेव्हा आपण त्यांना सगळ्यांच्या एकत्र समाधीत हलवू. आपल्याकडे पितृपक्ष असतो साधारण तेव्हाच त्यांचेही हे दिवस येतात.

"पण सेइजी थोरला आहे," ओकुनो-सान म्हणाल्या. "त्याच्या तोंडून हो आल्याशिवाय मी आईबाबांना जागचं हलवणार नाही. नाही म्हणाला तर गुडघे मोडेपर्यंत चढेन."

हे कौमुदीला मनापासून पटलं. घरातल्या वडीलधाऱ्याला विचारायचं असतं, यात जपान काय आणि म्हापसा काय. तिने शब्द देऊन टाकला.

रात्री यतीनने कॉम्प्युटरवर ते रिंकाँव शोधून काढलं. वरून काढलेला फोटो होता. नुसतं हिरवं. त्याने मोठं केलं, तर आणखी हिरवं. "अगं, ही नगरपालिका आहे म्हणतेस ना? मग घरं कुठायत?"

नगरपालिका हा शब्द कौमुदीचा. तिकडे लिहिलं होतं 'मुनिसीपियो', तिने आपली म्युनिसिपालिटी केली, आणि ओकुनो-सानांना सांगताना 'शी', म्हणजे शहर. त्यामुळे ओकुनो-सानांच्या डोळ्यांपुढे स्टेशन, स्टेशनासमोर बसस्टॉप, गल्ल्या असं काहीतरी उभं राहिलं असणार. त्यांनी विचारलंही होतं, की दादाचं घर स्टेशनपासून किती मिनिटांवर असेल. आणि इथे पाहावं तर क्षेत्रफळ जवळजवळ अख्ख्या टोकियोएवढं आणि वस्ती आपल्या तीन-चार सोसायट्यांत मावेल इतकी. बाकी गाई, मेंढ्या, दोन-तीन ओढे आणि गवत. गवताचे ते बसके उंचवटे असतात ना, एकामागून एक, त्यांना तिकडे 'कोशिल्या' म्हणतात.

"कौसल्या सापडली," यतीन म्हणाला. "आता राम शोध."

"तू झोप जा," कौमुदी म्हणाली. तिला काही सुधरत नव्हतं. एवढ्या मोठ्या हिरव्यात एका म्हाताऱ्याला कुठून हुडकायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तिकडे सकाळी मुनिसीपियोचं ऑफिस उघडायच्या वेळेला, तिने फोन लावला. ओकुनो-सान शेजारी बसल्या होत्या, हात मांडीवर, पाठ ताठ. पलीकडून इव्होनी नावाची एक बाई बोलली. बाई कसली, एक्सप्रेसच. कौमुदीचं पोर्तुगीज पुस्तकातलं, आणि ही बाई अर्धे शब्द गिळत होती. पण सेइजी हे नाव ऐकताच ती खूश झाली. म्हणजे माणूस जिवंत होता. कौमुदीने ओकुनो-सानांकडे बघून मान डोलावली, त्यांना ती हो आहे की नाही ते कळेना, म्हणून मग जपानीत 'हाय, हाय', म्हणजे हो, हो, असं सांगितलं.

"सेइजी आजोबा ना?" इव्होनी म्हणाली. "मोरा प्रा फोरा."

'मोरा' म्हणजे राहतात, 'फोरा' म्हणजे बाहेर. बाहेर राहतात.

"बाहेर म्हणजे कुठे?"

"ला नु जपाँव."

तिकडे, जपानात. कौमुदीने पुन्हा विचारलं, बाईने पुन्हा तेच सांगितलं. कधीपासून? झाली की वीसेक वर्षं, बायको वारली तेव्हापासून. मग तुमच्याकडे येतात का कधी? येतात ना, पण सध्या पुलावर पाणी आहे. एवढ्यात फोनचं कार्ड संपलं.

आता मला सांगा, तुमच्या-माझ्या घरात 'मुलगा बाहेर असतो' म्हटल्यावर कुणी विचारतं का, की अंगणात का परसात? बाहेर म्हणजे परदेशी. कुणाचा मुलगा बाहेर, कुणाचा जावई बाहेर, कौमुदीची स्वतःची आई म्हापशाच्या बाजारात सांगत असे की आमची कौमुदी बाहेर असते. तेव्हा तिच्या डोक्यात दुसरा अर्थ शिरायला जागाच नव्हती. त्यात त्या वर्षांत ब्राझीलचे जपानी वंशाचे लोक इकडच्या कारखान्यांत कामाला येतच होते, हे तिने टीव्हीवर पाहिलेलं. राहता राहिलं ते पुलाचं पाणी. ते काही तिला उलगडेना. मग तिला आठवलं की विमानांच्या फेऱ्यांनाही पोर्तुगिजात आकाशपूल का काहीतरी म्हणतात. तिकडे पूर आला असेल, विमानं बंद असतील. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," यतीन हसून म्हणाला. "म्हातारा इथेच, आणि तुम्ही फोन करताय ब्राझीलला."

ओकुनो-सान हसल्या नाहीत. कौमुदीने सांगितलेलं त्यांनी तिला दोनदा सांगायला लावलं. जपानात? वीस वर्षं? मग त्या म्हणाल्या, "मी याच पत्त्यावर आहे. चाळीस वर्षं याच पत्त्यावर आहे. त्याला माहीत आहे."

कौमुदीला वाटलं होतं आपण आनंदाची बातमी देतोय.

नंतरचे दिवस विचित्र गेले. जपानातल्या ज्या गावात ब्राझीलवाले पुष्कळ राहतात तिथल्या एका दुकानात तिने फोन करून पाहिला, तिथून दुसऱ्या दुकानाचा नंबर मिळाला, दुसऱ्याने तिसऱ्याचा दिला. सेइजी नावाचा कुणी म्हातारा रिंकाँवहून आल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. एकाने तर विचारलं, एवढ्या वयाच्या माणसाला कारखान्यात घेतो कोण? हा प्रश्न बरोबर होता. कौमुदीने तो ऐकला आणि सोडून दिला, कारण तिच्या कानात 'ला नु जपाँव' पक्कं बसलं होतं. इव्होनीला परत फोन करावा असंही एकदा मनात आलं. पण परत तेच विचारलं तर बाई म्हणेल, कळतं की नाही तुम्हाला? या भीतीने तिने लावला नाही. मोठेपणा मिरवलेल्या माणसाला पुन्हा विचारायची लाज वाटते, ती अशी.

ओकुनो-सान आता जिन्यात दिसल्या तर वाकून नमस्कार करत आणि निघून जात. एकदाच बोलल्या. "रागावला असेल म्हणून मी वाट पाहिली. गरीब राहिला म्हणून लाजत असेल, म्हणून पण वाट पाहिली. पण वीस वर्षं इथे राहून तो आईबाबांच्या दगडावर पाणी घालायला गेला नाही, त्याला आता मी काय विचारायचं, कौमुदी-सान? त्याचा हक्कच नाही."

आणि त्यांनी पुजाऱ्यांना हो कळवून टाकलं.

यामानाशीला त्यांच्याबरोबर कौमुदी गेली. जावं लागलंच, पिशवी कोण उचलणार, आणि मनही खात होतं. शेवटच्या पायऱ्यांवर तर तिने त्यांना हाताला धरून वर नेलं. पुजाऱ्यांनी मंत्र म्हटले, घराण्याच्या दगडाखालचे दोन कलश बाहेर काढले, आणि आवाराच्या टोकाला एका मोठ्या दगडापाशी नेऊन त्याच्या पोटातल्या मातीत अस्थी मोकळ्या केल्या. आधी वडिलांच्या, मग आईच्या. तिथे आधीच कुणाकुणाच्या किती होत्या. कौमुदीला वाटलं होतं की कलश तसेच आत ठेवतील. तिने हळूच विचारलं, तेव्हा पुजारी म्हणाले, इथे सगळे एक होतात, परत वेगळं काही काढता येत नाही. ओकुनो-सानांनी हात जोडले आणि रिकामे कलश नको म्हणाल्या. परतीच्या गाडीत त्या झोपल्या, निदान डोळे मिटून बसल्या. कौमुदीला उगाचच ते पुलावरचं पाणी आठवत राहिलं.

त्यानंतर आठवडा गेला असेल-नसेल. कौमुदीच्या आईने म्हापशाहून पार्सल पाठवलं होतं, सोलं, कुळथाचं पीठ, लोणचं. ते आज येणार, उद्या येणार म्हणता येईना. शेवटी तिने कुरिअरवाल्याला फोन केला. तो बिचारा चूक कबूल करून म्हणाला, "माफ करा, तुमचं सामान इंदोला गेलं."

इंदो म्हणजे जपानीत भारत. कौमुदीचं डोकंच फिरलं. चार हजार मैलांवरून आलेलं लोणचं दारात न देता हा माणूस परत भारतात पाठवतो म्हणजे काय? तिने मोडक्या-तोडक्या जपानीत त्याला असं काही सुनावलं की अर्ध्या तासात तो पार्सल घेऊन दारात.

"एवढ्यात भारतातून आणलंत?" तिने विचारलं.

तो गोंधळला. मग जिन्याच्या खिडकीतून त्याने बोट दाखवलं, स्टेशनच्या पलीकडच्या पिवळ्या बिल्डिंगकडे. तिथे एका कंपनीने आपल्या भारतीय इंजिनिअरांना मजलेच्या मजले घेऊन दिले होते. "ती इंदो," तो म्हणाला. "आम्ही सगळे डिलिव्हरीवाले तिला इंदोच म्हणतो. तुमचं आडनाव बघून तिकडे टाकलं."

तो गेला. पार्सल दारातच राहिलं. कौमुदी तिथेच चपलांच्या शेजारी खाली बसली. इंदो त्या खिडकीतून दिसत होतं. मग जपान? तेही असंच कुठेतरी असेल का? गवतात?

त्या संध्याकाळी तिने पुन्हा फोन लावला. या वेळी तिने लाज गुंडाळून ठेवली आणि इव्होनीला सांगितलं की मला तुमची बोली नीट कळत नाही, लहान मुलाला सांगतात तसं सांगा. फोरा म्हणजे काय, आणि जपाँव कुठे आहे?

इव्होनी आधी हसली. मग तिने सांगितलं. मुनिसीपियो म्हणजे हे सगळंच, या ओढ्यापासून त्या हद्दीपर्यंत. त्यात मधोमध चर्च, ऑफिस, दोन रस्ते, एवढंच गाव. बाकीचे सगळे लोक गावाबाहेर माळावर राहतात, म्हणून 'प्रा फोरा'. आणि दुसऱ्या ओढ्यापलीकडचा जो कोपरा, तिथे पूर्वी तीन जपानी कुटुंबांनी पीचची झाडं लावली होती, त्या कोपऱ्याला सगळे जपाँव म्हणतात. दोन कुटुंबं केव्हाच साओ पावलोला गेली. सेइजी आजोबा आधी गावात राहायचे, बायको गेल्यावर तिकडे जाऊन राहिले, मेंढ्या पाळतात. फोन नाही. चीज विकायला येतात, पण पुलावर पाणी असलं की अडकतात. आता पाणी उतरलंय.

म्हणजे नगरपालिका नव्हतीच ती, आपला तालुका होता. तालुक्याच्या गावाबाहेर, वाडीवर राहतो तो माणूस. एवढी साधी गोष्ट. 'ध' चा 'मा' झाला होता, आणि तो कौमुदीने केला होता. तिला रडू आलं, इव्होनीला वाटलं आनंदाने.

ती तशीच खाली गेली. ओकुनो-सानांसमोर गुडघे टेकून बसली आणि बोलली, "माझी चूक झाली. तुमचे दादा जपानात नाहीत."

"नाहीत?"

"म्हणजे आहेत. पण त्या जपानात. ब्राझीलच्या जपानात."

"कुठल्या?"

तिने कागद घेऊन काढून दाखवलं. हा ओढा, हे चर्च, हा दुसरा ओढा, हा पूल, आणि या कोपऱ्याचं नाव जपान. ओकुनो-सान त्या कागदाकडे इतका वेळ बघत राहिल्या की कौमुदीला वाटलं, त्या आता तिला घराबाहेर काढतील. काढायलाच हवं होतं. पण त्यांनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "म्हणजे तो आलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "इथे असून यायचा राहिला असं नाही. तो आलाच नव्हता."

"पण आईबाबांना हलवलं ना आपण, त्यांना न विचारता. माझ्यामुळे."

"तो हो म्हणाला असताच," ओकुनो-सान म्हणाल्या, आणि तिच्यासाठी चहा ठेवायला उठल्या. एवढ्या हलक्या पावलांनी उठताना कौमुदीने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी इव्होनीने निरोप धाडून आजोबांना ऑफिसात आणवलं. कौमुदीच्या घरी फोनचा स्पीकर लावला, यतीन आपणहून गॅलरीत जाऊन उभा राहिला. पलीकडे खाकरल्याचा आवाज आला आणि मग एक म्हातारा आवाज म्हणाला, "चियो?"

"दादा," ओकुनो-सान म्हणाल्या.

त्यानंतर बराच वेळ दोघंही नुसती एकमेकांचं नाव घेत होती. त्याची जपानी जुनी, खेड्यातली, कौमुदीला सगळी कळत नव्हती, पण ती आता एकही शब्द निसटू देणार नव्हती. तो म्हणाला, पाच वर्षांत येतो म्हणालो होतो, आलो नाही, मग लाज वाटून लिहिणंही सोडलं. ओकुनो-सान म्हणाल्या, असू दे. मग धीर करून त्यांनी देवळाचं काढलं. पुजारी म्हणताहेत आईबाबांना हलवू या. हलवलं असं म्हणाल्या नाहीत. हलवू या, म्हणाल्या. विचारायचं ते आधी विचारल्यासारखं त्यांना विचारायचं होतं.

"हलव," सेइजी लगेच म्हणाला. "तू एकटी किती चढणार? हलव, माझं हो आहे."

ओकुनो-सानांनी कौमुदीकडे पाहिलं. बघा, सांगितलं नव्हतं? असं त्यांच्या डोळ्यांत होतं. कितीतरी दिवसांनी कौमुदीला हायसं वाटलं.

"फक्त माझ्यासाठी दोघांतलं मूठभर वेगळं काढून ठेव," सेइजी म्हणाला. "मी इथे जागा करून ठेवलीय, कोशिल्याच्या उतारावर. तुझी वहिनी आहे तिथे. आमच्याकडे ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून उत्तरेच्या अंगाला धरलीय जागा, दिवसभर ऊब असते. शेजाऱ्याची सून मार्चात तिकडे कारखान्यात कामाला येतेय. ती तुझ्याकडे येईल, परत येताना घेऊन येईल. आईला थंडी सोसायची नाही, आठवतं ना तुला?"

ओकुनो-सानांनी तोंड उघडलं, मिटलं.

"चियो? ऐकू येतंय ना? ठेवशील ना?"

"हो, दादा," त्या म्हणाल्या. "ठेवते."

आणखी थोडं बोलणं झालं, मेंढ्यांचं, गुडघ्यांचं, पुलाचं. फोन बंद झाल्यावर ओकुनो-सानांनी त्या फोनला वाकून नमस्कार केला आणि बसून राहिल्या. यतीन आत आला, दोघींकडे बघून पुन्हा गॅलरीत गेला. बऱ्याच वेळाने त्यांनी कौमुदीचा हात धरला. रागाने नाही, अगदी साधं काहीतरी विचारायचं असावं तसा.

"कौमुदी-सान, मार्चात ती बाई येईल. तिच्या हातात मी काय देऊ?"